सत्तेचाळीस मिनिटांचं दही

मालती : “प्रस्तुत कृती लेखकाने अठरा महिन्यांच्या स्वतंत्र प्रयोगांती सिद्ध केली असून कोणत्याही प्रचलित वा घरगुती पाककृतीशी तिचा संबंध नाही.” पान एकोणीस. हे वाक्य तुझंच ना, अंबरीश?

अंबरीश : हो, मावशी. प्रकाशकांच्या माणसाने भाषा जरा नीट केली, पण माझंच.

मालती : भाषेला मी कुठे नावं ठेवते आहे? “सिद्ध केली असून” अगदी निर्दोष आहे. चहा घे. दही बांधलंस का तुझं?

अंबरीश : आल्या आल्या बांधलं. खिडकीच्या गजाला टांगलंय. फोनवर वेळ लावून ठेवलीय, सत्तेचाळीस मिनिटं. पण तू मला रोह्याहून सगळं सामान घेऊन बोलावलंस ते काकांसाठी सॅलड करायला, असं मला वाटलं होतं.

मालती : करायचंच आहे. पथ्याचं दुपारचं जेवण म्हणून तुझे काका पंधरा दिवस तुझ्या पुस्तकातलं ताट जेवतायत. आज दोन ताटं होतील. एक तू तुझ्या पुस्तकाप्रमाणे कर, दुसरं ही जित्याची हौसा तिच्या हाताप्रमाणे करेल. वाल घेऊन येते तेव्हा कधीकधी आपल्याकडे रांधतेही.

अंबरीश : हौसाबाई, तुम्ही पण? कशा आहात? गुडघा काय म्हणतोय?

हौसा : गुडगा हाय जागच्या जागी. मी आदीच सांगते दादा, मी काय भांडायला आले नाय. मला एक कागूद पायजे, येवढंच.

अंबरीश : कसला कागद?

हौसा : उद्या रोह्याला बायकांचा मेळावा हाय ना, तिथं आमच्या गटाला गाळा दिलाय. मी वालाचं ताट लिवून दिलं. वाल, काकडी, मुळ्याचा पाला आनि वरनं हिरवं दही. तर ती रोहिणीताई, मेळावा बगते ती, तिचा फोन आला. म्हनते, बाई, हे तर अंबरीशसरांच्या पुस्तकातलं हाय. त्यांची लेखी परवानगी आना, नायतर भजी तळा.

अंबरीश : एवढंच ना? देतो की. आनंदाने देतो. कागद आहे का, मावशी?

मालती : बघ हौसा, किती उदार आहे. पेनसुद्धा खिशातच होतं.

हौसा : द्या दादा. तुमच्या सहीचं द्या.

मालती : थांब जरा. परवानगी देणाऱ्याकडे आधी ती वस्तू असावी लागते. तेवढं आपण तपासून घेऊ, मग सही. हौसा, तू वाल सोलत राहा. पिंकी तुला काय म्हणाली, ते सांग याला.

हौसा : जाऊ दे ना बाई.

मालती : सांग.

हौसा : पिंकी म्हंजी माझी सून. तिनं पुस्तक बगितलं कुनाकडं तरी. मला म्हनली, आई, तुमी हे सरांकडनं शिकलात का? तिचं पन काय चुकलं? नवीन हाय ती घरात. पुस्तकात छापलंय म्हनल्यावर तिला तसंच वाटनार. पन माज्याच चुलीफुडं मला हे ऐकाया लागलं. भज्यांचं मला काय नाय वो. तळीन मी भजी.

अंबरीश : गैरसमज झालाय. मावशी, वाल खाणं ही काही कुणाची मालकी नाही. अख्खा रायगड वाल खातो.

मालती : मान्य. वालावर तुझा दावा नाही, हे मी नोंदवून घेते. आता पान वीस, जिथे हिरव्या दह्याला तू हिरवी मलई म्हणतोस. “हिरवी मलई घड्याळाच्या उलट दिशेनेच ढवळावी, अन्यथा ती फुटते.” का फुटते?

अंबरीश : ते... प्रयोगात तसं दिसलं. दह्यातल्या प्रथिनांची एक रचना असते. एका दिशेने ताण दिला की...

मालती : कुठल्या दिशेने?

अंबरीश : उलट.

मालती : आणि सरळ दिशेने दिला तर प्रथिनं रागावतात?

अंबरीश : मावशी, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. उलट ढवळलेली मलई प्रत्येक वेळी घट्ट आणि गुळगुळीत झाली होती.

मालती : कुणी ढवळलेली?

हौसा : मी डावरी हाय, दादा.

मालती : काय म्हणालीस? जरा मोठ्याने सांग.

हौसा : डावरी. डाव्या हातानं फिरवते, म्हनून तसं फिरतं. लगीन झालं तवा सासू वरडायची, उजव्या हातानं ढवळ गो, लक्षुमी रुसल. मी काय ऐकलं नाय. लक्षुमी बी काय रुसली नाय.

अंबरीश : हा योगायोग असू शकतो.

मालती : असू शकतो. एका योगायोगाला मी नेहमी पूर्ण गुण देत आले. आता दुसरा पाहू. दही सत्तेचाळीस मिनिटं टांगायचं. पन्नास का नाही? पाऊण तास का नाही?

अंबरीश : हे मात्र मी मोजलंय. तीस मिनिटांपासून नव्वदपर्यंत. सत्तेचाळीसला पाण्याचं आणि स्निग्धांशाचं प्रमाण सगळ्यात चांगलं येतं.

मालती : हौसा, तू दही किती वेळ टांगतेस?

हौसा : मला काय घड्याळ कळत नाय असं नाय, पन लागत बी नाय. आमचं घर जित्याच्या फाटकाला लागून. पनवेलची गाडी गेली की बांधायचं, रोह्याची आली की सोडायचं. हात धुवायला येळ मिळतो, वाल शिजायला येळ मिळतो.

मालती : अंबरीश, ही वही तुझ्या काकांची. बावीस वर्षं हे पेणहून रोह्याच्या शाळेत जात होते, त्यामुळे या मार्गावरच्या गाड्या खरोखर कधी येतात ते लिहून ठेवायची यांना सवय. निवृत्तीनंतरही सुटली नाही. स्टेशनमास्तरला विचारतात. तू दोन वर्षांपूर्वी जित्याला आरोग्य शिबिर घेतलंस, जानेवारीत. तो महिना काढलाय. जिते. पनवेलकडे जाणारी, नऊ अठरा. रोह्याकडे जाणारी, दहा पाच. वजाबाकी तू कर, तू विज्ञानाचा.

अंबरीश : सत्तेचाळीस.

मालती : सत्तेचाळीस.

हौसा : आता नाय वो तसं. गाडीचा टायम बदलला. आता मदी तास, सव्वा तास जातो.

मालती : मग दही बिघडतं?

हौसा : नाय. दह्याला काय गाडी पकडायचीय?

मालती : तीस वर्षं मी संस्कृत शिकवलं, अंबरीश, आणि पोथ्या ताडून पाहिल्या. दोन पोथ्यांमध्ये तेच चांगलं वाक्य सापडलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण चांगलं वाक्य दोघांनाही सुचू शकतं. पण दोन पोथ्यांमध्ये तोच निरर्थक तपशील सापडला, तर एकाने दुसऱ्याची नक्कल केलेली असते. नक्कल करणाऱ्याला कळत नाही, कामाचं कुठलं आणि त्या घरापुरतं कुठलं. तो सगळंच उतरवतो. तू एका बाईचा डावा हात उतरवलास आणि रेल्वेचं वेळापत्रक उतरवलंस.

अंबरीश : तू माझ्याशी विद्यार्थ्याशी बोलावं तसं का बोलतेस?

मालती : विद्यार्थ्याला मी एवढा चहा दिला नसता. शिवाय विद्यार्थ्यांनी मला कधी पुस्तक अर्पण केलं नाही. “अर्पण : मालतीमावशीस, जिने मला प्रामाणिक अभ्यास म्हणजे काय ते शिकवलं.” हे वाचून मी चार दिवस कुणाला पुस्तक दाखवलं नाही. आनंदाने नव्हे, लाजेने.

[फोनवर लावलेला गजर वाजतो.]

हौसा : रोह्याची गाडी आली, दादा. सोडा दही.

अंबरीश : सोडतो.

मालती : हसू नकोस, हौसा.

हौसा : मी कुटं हसते? वाल हसवतात.

अंबरीश : कोथिंबीर, पुदिना, लसणीची पात. मिक्सर कुठे आहे, मावशी? मी माझं ताट करतो. निदान खाऊन तरी बघा. मग काय ते बोला.

मालती : फडताळात, डावीकडे. हौसा, तुला?

हौसा : मला पाटा बरा. माजं दही मी घरनंच बांधून आनलंय. दादा, रताळं भाजून घेतलंत का?

अंबरीश : घेतलं. काकडी चिरली, पांढरा कांदा चिरला. मुळ्याचा कोवळा पाला हाताने तोडायचा, सुरीने नाही.

मालती : हेही पान वीसवर आहे. का?

अंबरीश : सुरीने कडा काळ्या पडतात.

हौसा : आमच्यात एकच विळी हाय, ती आमचे मालक, गुनाजी, घेऊन बसतात नारळाला. म्हनून हातानं.

मालती : मी हे विचारलं नव्हतं, हौसा. पण आभारी आहे.

अंबरीश : वाल बोटात दाबला की दबला पाहिजे, पण फुटता कामा नये. झाले. आता दह्यात ही हिरवी चटणी, जिरं, लिंबू. ढवळतो.

मालती : कुठल्या दिशेने?

अंबरीश : मावशी, पुरे.

हौसा : पातळ झालंय, दादा.

अंबरीश : होतं असं. म्हणून यात साय घालायची. दोन मोठे चमचे. तीन घालू, आज दही जरा आंबट आहे.

मालती : पुस्तकाचं नाव काय रे तुझ्या?

अंबरीश : हलकं ताट.

मालती : आणि साय?

अंबरीश : तेवढ्या सायीने काही बिघडत नाही. त्याशिवाय मलई धरतच नाही. मी सगळं करून बघितलं, मावशी. खरंच सांगतो, पाच-सहा महिने करून बघितलं. तिथे जित्याला मी चमच्याने खात होतो ती मलई, ताटाच्या कडेला उभी राहायची. घरी केली की पाणी. शेवटी साय घातली.

मालती : “तिथे जित्याला.” बरं.

अंबरीश : म्हणजे...

मालती : नाही, बोल तू. मी फक्त ऐकते आहे.

हौसा : बाई, राहू दे आता त्यांना. दादा, तुमाला कसं कळंल? घरात फोनची रेंज नवती. तुमचा फोन वाजला की तुमी फाटकावर पळायचात. रोज त्याच टायमाला. आनि मी नेमकं तवाच...

मालती : हौसा, थांब. ते सांगू नकोस. दोन्ही ताटं समोर आल्यावर तेवढा एकच फरक उरतो. तोच तुझा पुरावा आहे.

हौसा : पुरावा काय वाढायचाय का बाई? बाहेर साहेब पेपर तीनदा वाचून बसलेत. पंदरा दिवस साय खाऊन त्यांचं पोट जड झालंय, म्हनून तुमीच मला सांगितलंत. त्यांच्या ताटात हे पानी जायचं नाय. दादा, हिकडं बगा. शिजलेल्या वालातलं हे मूठभर बाजूला काढायचं. पाट्यावर घ्यायचं. कोथमिरीच्या आदी हे वाटायचं, अगदी लोन्यासारखं. मंग त्यात कोथमीर, पुदिना, पात, मंग दही. वाल दह्याला धरून ठेवतो. साय कशाला? आता घ्या, ढवळा. उजव्या हातानं ढवळा, काय होत नाय.

अंबरीश : हे इतकं सोपं...

हौसा : मीठ नका घालू आता. जेवताना. नायतर काकडी रडते.

अंबरीश : उभी राहिली. मावशी, बघ, चमच्यावरून पडत नाही.

मालती : मला दिसतंय.

हौसा : आता वाल, रताळं, काकडी, कांदा, पाला. वरनं हे. आनि हे पातळ पोहे भाजलेत, ते शेवटाला टाका, कुरकुरीत लागतात. पेनात पोह्यांना काय कमी? एक ताट साहेबांना देऊन या. मानूस तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत राहतो, आनि झोप पन येत नाय.

अंबरीश : देऊन आलो. काकांनी विचारलं, आज कुणी केलंय.

मालती : तू काय सांगितलंस?

अंबरीश : सांगायची वेळच आली नाही. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, हौसा आलीय वाटतं.

हौसा : साहेबांची जीभ चांगली हाय. तुमी पन घ्या दादा. बाई, तुमी पन. उभ्यानं काय खाता, बसा.

मालती : लसणीची पात कुठली ग ही?

हौसा : आमच्या वाफ्यातली. वालाच्या कडंनं लावते. गोड लागते ना?

मालती : फार. साय नसूनही सायीसारखं लागतंय. हे छान झालंय, हौसा. खरोखर छान झालंय.

हौसा : मंग झालं तर. दादा, तुमाला आवाडलं का?

अंबरीश : जेवतोय.

हौसा : अजून वाढू?

अंबरीश : वाढा. हौसाबाई, तुम्ही मला हे आत्ता का सांगितलंत? मी तुमच्या जागी असतो तर सांगितलं नसतं.

हौसा : तुमी विचारलं असतं तर मी तवाच सांगितलं असतं. तुमी विचारलं नाय. तुमी शिबिरात माजं वजन केलंत, म्हनलंत, मावशी, तुमाला आहाराचं ज्ञान पायजे. मी म्हनलं, द्या. मंग दुपारी माज्याकडंच जेवलात. मला त्येचं काय वाटलं नाय. जेवनारा मानूस बरा.

मालती : प्रस्तावनेत तेही आहे. “ग्रामीण स्त्रियांमधील आहारविषयक अज्ञान हीच या पुस्तकामागील प्रेरणा.” कृती घेतलीस, आणि जिच्याकडून घेतलीस तिचं अज्ञानही घेतलंस. काही शिल्लक ठेवलं नाहीस.

अंबरीश : मावशी, मला सांगू दे. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, जित्याच्या एका बाईंकडून. मग वाटलं, रोह्यात माझं क्लिनिक आहे, लोक तपासणी करून घ्यायला येतात. ते म्हणतील, आहारतज्ज्ञ झाला आणि शेतावरच्या बाईचं ताट विकतोय. माझ्या नावापुढे पदवी आहे. तिच्या नावापुढे काय लिहिणार होतो मी?

हौसा : नावाफुडं काय लागतंय? नाव लिवायचं.

अंबरीश : हो.

मालती : एवढं कळायला अठरा महिने लागले. या प्रयोगाला मात्र मी स्वतंत्र म्हणेन.

अंबरीश : कागद दे, मावशी.

मालती : घे. मी शब्द सांगणार नाही. तुझ्या प्रकाशकाचा माणूसही इथे नाही. भाषा नीट करायला कुणी नाही, हे लक्षात ठेव.

हौसा : परवानगीचा लिवताय ना, दादा? रोहिणीताईच्या नावानं लिवा. संध्याकाळच्या आत तिला दावायचाय.

अंबरीश : परवानगीचा नाही, हौसाबाई. ती मी कुठून देणार? उलट मलाच तुमच्याकडून घ्यावी लागेल. पुढच्या आवृत्तीत ठेवायची असेल तर.

हौसा : ठेवा की. खुशाल करा, लोकांना खायला घाला. साय नका घालू म्हंजी झालं. आता मीच परवानगी देते, बाई. बगा, काय दिवस आलेत.

मालती : आणि पुढच्या आवृत्तीत अर्पणपत्रिकेतून माझं नाव काढ. जागा मोकळी राहणार नाही, तिथे कुणाचं घालायचं ते तुला आता कळलं असेल.

अंबरीश : कळलं. हौसाबाई, तुमचं... पूर्ण नाव सांगा ना.

हौसा : हौसा गुनाजी.

अंबरीश : आणि आडनाव?

मालती : अंबरीश.

अंबरीश : माहीत नाही, मावशी. खरंच माहीत नाही.

हौसा : त्येला काय झालं? विचारलं नाय कुनी, म्हनून माहीत नाय. पाशिलकर. लिवा. पा-शि-ल-कर.

अंबरीश : झालं. सही केली. उद्या सकाळी मी स्वतः गाळ्यावर येतो. रोहिणीताईंशी मी आजच फोनवर बोलतो, आणि हे उद्या गाळ्यावर लावू.

हौसा : या. येताना रताळी आना जरा, रोह्यात चांगली मिळतात. आनि पिंकी पन असनार हाय, तिला दावा हे. बाई, माजा चष्मा घरी राहिला. तुमी वाचा. जसं हाय तसं वाचा, मदी काय बोलू नका.

मालती : नाही बोलत. “हलकं ताट या पुस्तकातल्या पान एकोणीसवरची कृती मी शोधलेली नाही. ती जित्याच्या हौसा गुणाजी पाशिलकर यांची आहे. मी ती त्यांच्या चुलीपुढे बसून पाहिली, अर्धीच पाहिली, आणि माझी म्हणून छापली. त्यांच्या घरी मी सहा दिवस जेवलो. आडनाव आज विचारलं.”